न दिसणाऱ्या दुकानदाराची पारख
(संगणकाचे सुटे भाग ऑनलाइन घेताना)

— बी. कॉम. भाग ३

‘ग्राहका, सावध राहा’ हे तत्त्व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अगदी आरंभी शिकवले जाते. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमाशी ते जोडलेले आहे. परीक्षेत त्यावर टीप हमखास येते. २०२४ च्या उन्हाळी परीक्षेत मी ती टीप लिहिली आणि मला चांगले गुणही मिळाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत मी स्वतःच फसलो. टीप लिहिता येणे आणि सावध राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले. तो अनुभव आणि त्यानंतर केलेला थोडाफार अभ्यास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडलेली हकिगत

शहापुरात आमचे डीटीपीचे लहानसे दुकान आहे. वडील ते २०१२ पासून चालवतात. लग्नपत्रिका, पावती पुस्तके, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, शाळांची प्रमाणपत्रे अशी कामे येतात. मराठी मजकूर श्रीलिपीत आणि कन्नड मजकूर नुडीत बसवायचा. आमच्याकडच्या पुष्कळ पत्रिका दोन्ही भाषांत निघत असल्याने एकेका पत्रिकेवर दुप्पट मेहनत पडते. केलेले काम जपून ठेवण्याची वडिलांना सवय आहे. एका घरचे पहिले लग्न आपल्याकडे झाले की दुसऱ्या लग्नालाही लोक आपल्याकडेच येतात, हा त्यांचा अनुभव.

२०२४ च्या दिवाळीत दुकानातील संगणकाची डिस्क भरत आली. मी शिकवणीचे पैसे साठवले होते. एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत १ टीबीची बाहेरून जोडायची एसएसडी १,७९९ रुपयांना दिसली. नावाजलेल्या कंपन्यांच्या तशाच डिस्कची किंमत त्या वेळी सहा-सात हजारांच्या घरात होती. पानावर साडेचार तारे होते. ‘सणाची सवलत’ असे लाल अक्षरांत लिहिले होते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजीतील बारीक अक्षरांतल्या अटी वाचण्याचा कंटाळा असतो, तो मीही केला आणि डिस्क मागवली.

ती आली, संगणकाने १ टीबी जागा दाखवली. मी वर्षवार फोल्डर तिच्यावर हलवले. नक्कल केली नाही, हलवलेच. जुन्या डिस्कवर जागा मोकळी व्हावी म्हणून. सगळी नावे नीट दिसत होती. वडील म्हणाले, “झालं की रे काम!”

पाच आठवड्यांनी कंग्राळीचे एक गृहस्थ आले. २०२१ साली त्यांच्या थोरल्या मुलीची पत्रिका आमच्याकडे झाली होती. धाकटीची अगदी तशीच हवी होती. फाईल उघडली तर उघडेना. शेजारची उघडेना. २०१२ ते २०१६ पर्यंतचे फोल्डर शाबूत होते. त्यापुढील सर्व फायलींची नावे होती, पण आत काही नव्हते. जुन्या डिस्कवर तोवर नवे काम चढले होते, त्यामुळे तिकडूनही काही मिळाले नाही.

पुढे एका मित्राने डिस्क उघडून पाहिली. धातूच्या सुबक पेटीत एक साधा पेनड्राइव्हचा तुकडा चिकटवला होता. खरी जागा ६४ जीबीच्या आसपास होती. तिच्या आतील नियंत्रक आज्ञावली बदलून ती १ टीबी आहे असे संगणकाला खोटेच सांगण्याची व्यवस्था केली होती. जागा संपल्यावर येणारा मजकूर ती नुसता गिळत होती. वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. कंग्राळीच्या गृहस्थांची पत्रिका त्यांनी छापील नमुना समोर ठेवून दोन रात्री जागून पुन्हा बसवली.

लिंबांचा बाजार

आपण अर्थशास्त्रात माहितीची विषमता असा शब्द वाचतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली यावर एक निबंध लिहिला. अमेरिकेत खराब निघालेल्या मोटारीला बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात, म्हणून निबंधाचे नावच ‘लिंबांचा बाजार’ असे होते. या विषयावरील कार्याबद्दल त्यांना २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

विचार सोपा आहे. जुनी मोटार विकणाऱ्याला तिचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. चांगली कोणती नि वाईट कोणती हे कळत नसल्याने घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून निघून जातात आणि मागे लिंबेच उरतात.

संगणकाच्या सुट्या भागांना हे तंतोतंत लागू पडते. भाजी हातात घेऊन पाहता येते, कापड चुरगळून पाहता येते. रॅमची पट्टी किंवा एसएसडी नुसती पाहून काही कळत नाही. त्यात ऑनलाइन व्यवहारात मालही दिसत नाही आणि दुकानदारही दिसत नाही.

अशा बाजारात भरवसा निर्माण करणाऱ्या काही संस्था असतात, असे अ‍ॅकरलॉफ त्याच निबंधात सांगतात: हमी, नाममुद्रा, परवाना. मी माझ्या तपासणीची यादी याच तीन गोष्टींवरून तयार केली.

विकणारा नक्की कोण?

पहिला प्रश्न हाच. ‘अमुक संकेतस्थळावरून घेतले’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते संकेतस्थळ विकणारे नसते.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनी दोन प्रकार केले आहेत. एक ‘बाजारपेठ’: ही फक्त खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देते. दुसरा ‘साठा’ प्रकार: यात संकेतस्थळ स्वतःच मालाचे मालक असते. परकीय भांडवलास आपल्या देशात पहिल्या प्रकारात परवानगी आहे, दुसऱ्या प्रकारात नाही. म्हणून अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्ट यांच्या पानावर दिसणारा माल कोणा तरी तिसऱ्याच विक्रेत्याचा असतो. आपल्या आठवडी बाजाराचे उदाहरण घेऊ. जागा नगरपालिकेची, पण वांगी किडकी निघाली तर आपण नगरपालिकेला नव्हे, वांगी विकणाऱ्याला धरतो. त्यासाठी वांगी कोणाकडून घेतली हे लक्षात असावे लागते.

पानावर किमतीच्या आसपास ‘विक्रेता’ म्हणून एक नाव बारीक अक्षरांत असते. त्यावर बोट ठेवले की विक्रेत्याचे स्वतंत्र पान उघडते. वरील नियमांप्रमाणे विक्रेत्याचे व्यापारी नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा क्रमांक आणि त्याला मिळालेले मानांकन दाखवणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे. एकाच वस्तूच्या पानावर पाच-सहा विक्रेते असू शकतात, आणि आज जो वरचा आहे तो उद्या बदलतो. म्हणून मित्राने घेतलेल्या पानावरूनच आपण घेतले तरी विक्रेता तोच असेल असे नाही. तसेच माल बाजारपेठेच्या गोदामातून आला म्हणजे बाजारपेठेने तो तपासला, असाही अर्थ होत नाही. पाठवणी तिची, माल विक्रेत्याचा.

दुसऱ्या बाजूला भागांचीच विक्री करणारी दुकाने आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, दिल्लीचे नेहरू प्लेस ही या धंद्याची जुनी ठिकाणे. तेथील कित्येक दुकानदारांनी आपली संकेतस्थळे काढली आहेत. येथे माल आणि नाव दोन्ही दुकानाचेच असल्याने जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरत नाही. मात्र अशा दुकानाच्या नावाची हुबेहूब बनावट संकेतस्थळेही निघतात. पत्ता आणि दूरध्वनी नसेल, सगळ्याच वस्तू निम्म्या किमतीत असतील, किंवा पैसे एखाद्या व्यक्तीच्या खासगी यूपीआय क्रमांकावर मागितले जात असतील, तर तेथून परतावे.

पंधरा अक्षरांचा परवाना

आपण वाणिज्याचे विद्यार्थी आहोत, तेव्हा ही तपासणी आपल्याला सहज जमण्यासारखी आहे. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढील दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. पॅनमधील चौथे अक्षर मालक कोणत्या प्रकारचा आहे ते सांगते: पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी संस्था, सी म्हणजे कंपनी.

हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर घातला की नोंदणीचे नाव, नोंदणीची तारीख, धंद्याचे मुख्य ठिकाण आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदवलेल्या मालाचा प्रकारही पुष्कळदा दिसतो. माझ्या बिलावरील क्रमांक मी फसल्यानंतर तपासला. नोंदणी माझ्या खरेदीच्या जेमतेम तीन महिने आधीची होती, मालाचा प्रकार तयार कपडे हा होता, आणि मी पाहिले तेव्हा नोंदणी रद्द झालेली होती. ही दोन मिनिटांची तपासणी मी आधी केली असती तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

तारे आणि अभिप्राय

साडेचार तारे पाहून मी भुललो. त्याबद्दल आता पुढील गोष्टी ध्यानात ठेवतो.

एक, वस्तूचे तारे वेगळे आणि विक्रेत्याचे तारे वेगळे. वस्तूच्या पानावरील तारे सर्व विक्रेत्यांच्या मालाला मिळून असतात. विक्रेत्याचे तारे त्याच्या स्वतंत्र पानावर पाहावेत, आणि तेही अलीकडच्या महिन्यांचे.

दोन, सरासरीबरोबर संख्या पाहावी. १२ लोकांनी दिलेल्या ४.८ पेक्षा ९,००० लोकांनी दिलेले ४.२ अधिक भरवशाचे. संख्याशास्त्राच्या तासाला आपण नमुन्याचा आकार शिकतो, तो येथे कामी येतो.

तीन, अभिप्राय त्याच वस्तूचे आहेत ना, हे वाचून पाहावे. मी नंतर वाचले तेव्हा माझ्या डिस्कच्या पानावरील कित्येक अभिप्राय मोबाईलच्या कव्हराविषयी होते. जुन्या खपाऊ वस्तूचे पान घेऊन त्यावर नवी वस्तू चढवायची, म्हणजे तारे आयते मिळतात, अशी ही युक्ती आहे.

चार, ‘छान आहे, लवकर मिळाले’ असे पहिल्याच दिवशी लिहिलेले अभिप्राय सोडून द्यावेत. दोन-तीन महिने वापरून लिहिलेले, विशेषतः दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचावेत. राग आणि भक्ती या दोहोंपासून ते जरा दूर असतात.

विक्रेत्याने ग्राहक बनून स्वतःच्या मालाचे खोटे अभिप्राय लिहू नयेत असे २०२० चे नियम सांगतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले, पण ते ऐच्छिक आहे.

हमीचा अर्थ

‘३ वर्षे वॉरंटी’ एवढे वाचून थांबू नये. वॉरंटी कोणाची, हे पाहावे: कंपनीची की विक्रेत्याची? विक्रेत्याची असेल तर विक्रेता तीन वर्षे धंद्यात राहील काय, हा प्रश्न आहे.

प्रोसेसरचे उदाहरण घेऊ. तो ‘बॉक्स’ आणि ‘ट्रे’ अशा दोन प्रकारांनी मिळतो. बॉक्समधील इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर साधारणतः कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. ट्रेचा माल संगणक बनवणाऱ्यांसाठी असतो. त्याची जबाबदारी कंपनी थेट ग्राहकाकडे घेत नाही, तो ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडेच जावे लागते. पाचशे-हजार रुपये कमी दिसतात ते यामुळे.

दुसरा प्रकार आडमार्गाने आयात झालेल्या मालाचा. माल खरा असतो, पण भारतातील अधिकृत वितरकामार्फत आलेला नसतो. अशा मालाची वॉरंटी पुष्कळदा भारतात मानली जात नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. आवेष्टित मालाविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार परदेशी मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली लागते. हीच माहिती विक्रीच्या पानावरही द्यावी लागते. आयातदाराची चिठ्ठीच नसेल तर माल कोणत्या वाटेने आला याचा विचार करावा. याखेरीज बहुतेक कंपन्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर देतात. विक्रेत्याच्या नावात कंपनीचे नाव गुंफलेले आहे म्हणून तो अधिकृत ठरत नाही.

कोणत्या भागात कोणती लबाडी

डिस्क व पेनड्राइव्ह: खोटी क्षमता, हे वर आलेच. आणखी एक प्रकार म्हणजे वापरलेली डिस्क नवी म्हणून विकणे. २०२५ च्या आरंभी जर्मनीत असे प्रकरण उघडकीस आले. नव्या म्हणून विकलेल्या सीगेट कंपनीच्या हार्डडिस्क प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या निघाल्या. डिस्कमधील वापराचा नेहमीचा आकडा पुसला होता, पण कंपनीच्या खोलवरच्या नोंदीत खरे तास राहिले होते. साध्या तपासणीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा विनामूल्य कार्यक्रम किती तास डिस्क चालली ते दाखवतो.

ग्राफिक्स कार्ड: जुन्या कार्डाची आतील आज्ञावली बदलून ते नव्या पिढीचे आहे असे दाखवले जाते. जीपीयू-झेड हा कार्यक्रम अशी पुष्कळ बनावट कार्डे ओळखून त्यांच्या नावापुढे तसा शिक्का मारतो. शिवाय १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामात दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे निरुपयोगी होऊन जुन्या बाजारात आली. जुने कार्ड घ्यायचेच असेल तर मूळ बिल, अनुक्रमांक आणि प्रत्यक्ष चालवून दाखवणे या तीन गोष्टींशिवाय घेऊ नये.

पॉवर सप्लाय: यात काटकसर करू नये, कारण तो बिघडला तर सोबत बाकीचे भागही नेतो. ठरावीक वर्गातील पॉवर सप्लायना मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. अशा मालावर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अ‍ॅपवर तो खरा की खोटा हे पाहता येते.

रॅम: डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हे आधी पाहावे. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. भाव चढले की स्वस्ताच्या आमिषाला माणूस लवकर बळी पडतो, म्हणून अशा काळात अधिक जपावे.

किमतीविषयी माझा स्वतःचा साधा नियम असा: तीन-चार प्रसिद्ध विक्रेत्यांचे भाव वहीत लिहायचे. चौथा-पाचवा त्यांच्यापेक्षा शे-पाचशेने कमी असेल तर ती स्पर्धा. निम्म्याने कमी असेल तर तो एवढा तोटा का सोसतो याचे उत्तर मिळेपर्यंत घ्यायचे नाही.

माल दारात आल्यावर

खोके उघडण्यापूर्वी मोबाईल उभा करून एकसलग चित्रण सुरू करावे. आधी सहाही बाजू, पत्त्याची चिठ्ठी, मोहर; मग उघडणे; मग भागावरील अनुक्रमांक आणि तो खोक्यावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे दाखवावे. मध्ये चित्रण थांबवू नये. तेवढ्यावर विक्रेते ‘मधल्या वेळात बदलले’ असे म्हणतात.

परत करण्याची मुदत आधीच पाहून ठेवावी. पुष्कळ भागांवर ती फक्त सात ते दहा दिवस असते, आणि कित्येकदा ‘बदलून मिळेल, पैसे मिळणार नाहीत’ अशी अट असते. म्हणून पूर्ण तपासणी पहिल्या दोन दिवसांतच आटोपावी. डिस्कसाठी एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे विनामूल्य कार्यक्रम आहेत. ते डिस्क काठोकाठ भरतात आणि पुन्हा वाचून ताडून पाहतात. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

फसलोच तर

माझ्या प्रकरणात मुदत संपून गेली होती. विक्रेत्याने उत्तर दिले नाही. बाजारपेठेच्या ग्राहकसेवेने ‘मुदत संपली’ एवढेच सांगितले. एका मित्राने आणखी भीती घातली की, डिस्क दुकानासाठी घेतली, म्हणजे व्यापारी हेतू आला, तेव्हा ग्राहक कायदा लागूच नाही. मी आमच्या सरांकडे गेलो. त्यांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काढला आणि ‘ग्राहक’ या व्याख्येखालील स्पष्टीकरण वाचायला लावले. केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असे तेथे स्पष्ट आहे. वडिलांचे दुकान म्हणजे नेमके तेच.

मग रीतसर पायऱ्या घेतल्या. पहिली पायरी तक्रार निवारण अधिकाऱ्याची. प्रत्येक ई-वाणिज्य संस्थेने त्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करावयाचा असतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रारीचा निकाल एका महिन्यात लावावा, असा नियम आहे. सदोष, बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असेही त्याच नियमांत आहे. मी बिल, तपासणीचा अहवाल, उघडलेल्या डिस्कची छायाचित्रे आणि नियमाचा उल्लेख असे सर्व एका पत्रात घातले. दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तेथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. आपण जेथे राहतो तेथील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. मात्र पैसे खोट्या संकेतस्थळाने लुबाडले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्हे क्रमांकावर कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

मला तिसऱ्या पायरीपर्यंत जावे लागले नाही. सव्विसाव्या दिवशी १,७९९ रुपये परत आले. वडिलांना सांगितले. ते म्हणाले, “आले ते बरं झालं. पण सतरापासूनचं सगळं मला परत बसवायला लागणार.” त्यावर मला काही बोलता आले नाही. तेव्हापासून रविवारी दुकानात बसून जुन्या छापील पत्रिकांवरून मजकूर पुन्हा भरण्याचे काम मी करतो. या वर्षी २०२२ पर्यंत आलो आहे. नव्या फायलींच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवतो.

खडेबाजारातील सल्ला

नवी डिस्क घेण्यापूर्वी मी खडेबाजारातील एका जुन्या दुकानदाराकडे भाव विचारायला गेलो. ऑनलाइनपेक्षा त्याचा भाव चारशेने जास्त होता. मी तसे म्हणालो. तो हसून म्हणाला, “बिल् तगो, आमेले माताडु.” आधी बिल घे, मग बोल. ऑनलाइन घे नाहीतर माझ्याकडे घे, पण बिलावर नाव, जीएसटी क्रमांक आणि भागाचा अनुक्रमांक असल्याशिवाय पैसे देऊ नकोस, असे त्याचे सांगणे होते. चारशे रुपये कशाचे, हेही त्याने सांगितले. डिस्क बिघडली तर तो स्वतः ती सेवाकेंद्राला पाठवणार, मला पार्सल करीत बसावे लागणार नाही. ज्याच्या दुकानावर रोज वाट जाते त्याच्या हमीलाही किंमत असते, हे मला पटले. डिस्क मी त्याच्याकडूनच घेतली.

सगळे भाग मात्र बेळगावात मिळत नाहीत, आणि दर वेळी जादा पैसे देणे विद्यार्थ्याला परवडतही नाही. दोन महिन्यांनी रॅम मी ऑनलाइनच मागवली. विक्रेत्याचे पान, जीएसटी नोंदणी, कंपनीची अधिकृत यादी, खोक्यावरील आयातदार, चित्रण, असे सगळे सोपस्कार केले. एकूण तासभर गेला. माल चांगला निघाला आणि अजून चालतो आहे.

एवढे केले म्हणजे माणूस कधीच फसणार नाही, असा माझा दावा नाही. पण विकणारा कोण हे ठाऊक असले, बिल हातात असले, मुदतीत तपासणी झालेली असली, तर फसल्यावर दाद मागायला जागा उरते. नवी डिस्क आणली त्या रात्री मी तपासणी लावून बसलो होतो. वडील दुकान बंद करून घरी जायचे थांबले. पडद्यावर ‘चूक नाही’ असे आल्यावर त्यांनी विचारले, “आता ठेवू काय हिच्यात?” मी म्हणालो, “ठेवा, पण जुनीतलं पुसू नका.”